टोपलीतले फोन

फोन टोपलीत ठेवायचे, हा नियम माझा नाही,
नगरपालिकेचा. मी फक्त टोपली सांभाळते,
शिवाय टॉवेल, आणि अंघोळ न करता आत सटकणारे पर्यटक.
बोलुंगारविकला डिसेंबरात चारलाच काळोख पडतो.
बाहेरच्या कुंडात एकोणचाळीस अंश,
गळ्यापर्यंत पाणी, डोक्यांवर बर्फ
आणि प्रत्येक डोक्यात एक मत.

हाल्बेरा म्हणते, फोन वाईट नाही, उद्धट आहे.
चाळीस वर्षं टपाल वाटलं तिनं,
एकही पत्र तिला म्हणालं नाही
की तुम्ही मला अजून उघडलं नाहीत.

ग्विद्न्यी शाळेत शिकवते. तिचं दुखणं वेगळं.
मैदानावर पोरं भांडतात इंग्रजीत,
शिव्यासुद्धा आयात केलेल्या.
दारात बूट काढावेत तशी भाषा काढून ठेवतात.
आपण कॉम्प्युटरसाठी शब्द घडवला, 'तोल्वा':
आकडा घेतला, भविष्य सांगणारी जुनी बाई घेतली,
दोघांचं लग्न लावलं.
फोनला म्हटलं 'सीमी', म्हणजे धागा.
एवढं थाटात बारसं केलं
आणि लेकरू घरात बोलतंय परकं.

स्टेनग्रीमुरचं मत सगळ्यांना पाठ आहे.
जो मासा तव्यावर पडत नाही
तो पकडायचा कशाला?
त्याच्या बोटीवर तीन स्क्रीन आहेत.
तो विषय कुणी काढत नाही.
गरम पाण्यात तेवढी सभ्यता असते.

ओत्तार पंधरा वर्षांचा. दर गुरुवारी येतो, बडबडतो.
आज गप्प. हनुवटी पाण्यात.
खूप विचारल्यावर म्हणाला,
रात्री बाराला सर्व्हर बंद होतोय. कायमचा.

मग काय, मतांना उकळी फुटली.
दुसरा खेळ घे. यांचा धंदाच असा.
बरं झालं, झोपशील तरी.
निदान आधी कळवलं, हाल्बेरा म्हणाली,
टपाल कचेरी बंद केली तेव्हा मला पेपरात वाचायला लागलं.

ओत्तार म्हणाला, तिथं एक जण आहे.
त्याचं खरं नाव माहीत नाही.
त्याच्याकडे आत्ता उन्हाळा आहे, एवढंच माहीत आहे.

बराच वेळ नुसता पंपाचा आवाज.

तिथं बंदर होतं का? स्टेनग्रीमुरनं विचारलं.
होतं.
सांग मग. घाई करू नकोस.

पोरगं सांगायला लागलं. धक्का, धक्क्यावरची मांजर,
जी कुणाचीच नव्हती आणि सगळे तिला खायला घालायचे.
डावीकडे दोरखंडवाला. त्याच्याकडून कुणी काही घेत नसे,
पण सांगितलेली वाट कधी चुकायची नाही.

म्हातारा म्हणाला, सिग्लुफ्योर्दुरला मी लहान होतो,
एका वर्षी हेरिंग आलाच नाही.
धक्के होते, पिंपं होती, मीठ होतं,
माझी आई हातमोजे घालून उभी होती.
तुझं उलटं आहे.
मासे आहेत. धक्काच चाललाय.

गैरसमज नको, त्याचं मत बदललं नाही.
खेळ म्हणजे रिकामा उद्योग, तो पुन्हा म्हणाला,
आणि पुलावरचे दिवे कोण लावायचं?

पावणेनऊला टोपलीत एक फोन थरथरला,
कोपरा फुटलेला, ओत्तारचा.
किल्ल्यांना धक्के देत सरकत राहिला.
मी टॉवेलात गुंडाळून कुंडापाशी नेला.
नियम माझा नाही, असं स्वतःला सांगत.

त्यानं बघितलं, ओला हात वर केला, घेतला नाही.
थांबा ना, म्हणाला,
आत्ता कुठं पुलापर्यंत आलोय.

मी परत येऊन टॉवेल मोजले. दोन कमी भरले.